एरंडेलाचा धूर

"मोटरसायकलवरून मी कधीमधी पडतो, या गादीवरून रोज पडतो."

घेवरचंद लुणावत हे बोलला तेव्हा तो जळगावच्या दाणाबाजारात, बापाच्या तेल-पेंडेच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर बसलेला होता. मांडी घातलेली नव्हती. डावा गुडघा मद्रासकडच्या एका वळणावर जो आखडला तो पुन्हा पुरता मुडपला नाही. पेंड घ्यायला आलेला शेतकरी मोठ्यांदा हसला. मोहनलालजी हसले नाहीत. सकाळी दुकान उघडताना गादीला हात लावून कपाळाला लावणारं घराणं ते, आणि त्याच गादीवरून थोरलं पोरगं असं बोलत होतं. त्यांनी तराजूतलं वजन उचललं, पुन्हा ठेवलं.

"गाडी पेंड खाते का रे? नाही ना? मग तिचं नाव दुकानात काढायचं नाही."

"पेंड खात नाही, बापूजी. एरंडेल पिते."

आणि ते खरं होतं.

गाडी घेतली होती दुकानासाठीच. तेलाचे नमुने धुळ्याच्या व्यापाऱ्यांना दाखवायला न्यायचे, आणि एस.टी. पाळधीला नाही तर पारोळ्याला हटकून रुसायची. म्हणून मोहनलालजींनी सहासष्ट साली जुनी जावा घेतली. बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवून घेवर निघायचा आणि पहिल्यांदा एस.टी.ला मागे टाकायचा, मग ट्रकला, मग ज्याला मागे टाकावं असं रस्त्यावर काही उरायचंच नाही. मोकळा रस्ता आणि दोन्हीकडे कपाशी. लुणावतांच्या घरात तोवर घाई हा शब्द फक्त तोट्याच्या संदर्भात यायचा.

धुळ्याला आग्रा रोडवर हिलाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. हिलाल तरुणपणी मुंबईला एका पारशी शेठच्या गॅरेजात होता. तिथे त्याने शर्यतीच्या गाड्या उघडल्या होत्या, जोडल्या होत्या, आणि शेठच्या तोंडून सगळा इतिहास ऐकला होता. घेवरची जावा पहिल्यांदा त्याच्या दारात आली तेव्हा त्याने तिचा आवाज ऐकून डोळे मिटले.

"गाडी चांगली शे. तू तिले गादीवरना वान्यासारखी चालाडस."

त्याने मडगार्ड काढले, पुढचा दिवा काढला, सायलेन्सर कापला. मग म्हणाला, "तुन्हा बापना दुकानमा एरंडीनं तेल शे ना? डबा लई ये." पेट्रोलात ते तेल मिसळून त्याने किक मारली, आणि गॅरेजात निळसर धूर भरला. उग्र, गोडसर, लहानपणी नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा, तरी अगदी वेगळा. सगळ्या दुनियेत शर्यतीचा वास हाच असतो, हिलाल म्हणाला. घेवर त्या धुरात उभा राहिला. आजवर दुकानात ज्याचे डबे त्याने नुसते मोजले होते, ते तेल असंही जळतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काम करता करता हिलाल बोलत राहायचा. मोटारींच्या पहिल्या शर्यती रस्त्यावरच झाल्या. एका शहरातून निघायचं आणि दुसऱ्या शहरात पोचायचं, मध्ये जे येईल ते येईल. पॅरिसहून माद्रिदला निघालेल्या शर्यतीत चालवणारे मेले, बघणारे मेले, इतके की सरकारने ती अर्ध्यात बंद केली, आणि वाऱ्यासारख्या आलेल्या त्या गाड्या घोडे जुंपून स्टेशनावर ओढत नेल्या. तेव्हापासून शहाण्यांनी शर्यत रस्त्यावरून उचलली आणि कुंपणात नेली. कुंपणातही मरण होतंच. पंचावन्न साली एक मोटार उडून गर्दीत पडली आणि ऐंशीवर बघे गेले. पण कुंपणात निदान गाय येत नाही.

"रस्ता कोनाच बापना नही, भाऊ," पाना फिरवत हिलाल सांगायचा. "त्यावर बैल शे, पोरगं शे, म्हतारी शे. हौस शे ना? मंग कुंपनमा जा."

घेवर कुंपणात गेला. मद्रासजवळ शोलावरमला लढाईच्या काळातली जुनी विमानपट्टी होती, तिथे दर हिवाळ्यात शर्यती व्हायच्या. जावा रेल्वेच्या डब्यात गोणपाटात गुंडाळून घातली. बरोबर लीलाधर भारंबे होता. सावद्याचा लेवा पाटलाचा पोरगा, केळीच्या मळ्याचा धनी, दारासारखा रुंद, हसायला लागला की थांबायचा नाही. दोघांची ओळख पाळधीजवळ एकमेकांना मागे टाकताना झाली होती आणि पुढच्या फाट्यावर चहा पिताना पक्की झाली होती.

तिथे घेवर पहिल्या फेरीत पडला, गुडघा गेला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, तेव्हा पाचवा आला. पाचव्याला कोणी हार घालत नाही. पण वळणात शिरताना जे झालं होतं ते त्याला पुरेसं होतं. वळणात शिरताना माणसाला नाव राहत नाही. कोणाचा मुलगा, कोणत्या पेठेतला, कोणत्या भावाने माल घेतो, सगळं मागे गळून पडतं; पुढे फक्त हातभर डांबर असतं आणि ते खरं असतं. भीती असते. पण ती दुकानातल्या भीतीसारखी आयुष्यभर पुरवून वापरायची नसते. ती तिथेच, त्या क्षणी, सगळीच्या सगळी खर्च करायची असते.

लीलाधर मेला तो मात्र कुंपणात नाही. हिलालकडून दोघं परत निघाले होते. हिवाळ्याची संध्याकाळ. पारोळा सुटल्यावर लीलाधरने शेजारी येऊन ओरडून विचारलं, "एरंडोल?" घेवरने होकाराची मान हलवली. एवढंच. घेवर पुढे होता आणि त्याने मागे पाहिलं नाही, कारण शर्यतीत मागे पाहायचं नसतं. एरंडोलला त्याने दोन चहा सांगितले. एक प्याला. दुसऱ्यावर साय धरली. मग एक ट्रकवाला येऊन थांबला आणि म्हणाला, मागे शेतवाटेने कपाशीची गाडी वर आली, बैल वाचले.

चितेपाशी घेवर उभा होता. त्यानंतर तो सावद्याला गेला नाही. लीलाधरच्या आईचा, बेबाबाईचा, निरोप केळीवाल्यांबरोबर दुकानात यायचा, तिथून घरातही पोचायचा. "घेवरले सांगा, एकदा येऊन जा. माले काही मांगनं नाही त्याले. एक इचारनं हाये." घेवर म्हणायचा, येतो. भुसावळला मालाला जायचा आणि तिथूनच परतायचा. ती काय विचारील ते त्याला ठाऊक होतं. तू पुढे होतास का? एवढंच विचारील. आणि दुसरी गोष्टही होती, जी सांगायला तोंड कुठून आणावं ते त्याला कळत नव्हतं: शेवटचं पाहिलं तेव्हा लीलाधर हसत होता.

त्याच सुमाराला धापूबाईंनी, त्याच्या आईने, अभिग्रह घेतला.

अभिग्रह म्हणजे मनातल्या मनात घातलेली अट. अमुक घडलं तरच अमुक खाईन. अट कोणाला सांगायची नाही. सांगितली तर व्रत मोडलं. घडेल तेव्हा घडेल, तोवर सोसायचं. धापूबाईंनी दूध, दही, तूप, तेल, गोड सगळं सोडलं. तेलाच्या दुकानदाराची बायको उकडलेली ज्वारी आणि पाणी यांवर राहू लागली. होळी गेली, आखाजी गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर पुढला हिवाळा दिसायचा नाही.

"बाई, काय अट आहे?" घेवरने आईला विचारलं.

"ज्याची आहे त्याला कळेल," त्या म्हणाल्या आणि ज्वारी चावत राहिल्या.

न सांगता सगळ्यांना कळलं. दाणाबाजाराला कळलं, जैन साधू उतरतात त्या स्थानकात कळलं, मोहनलालजींना तर पहिल्याच दिवशी कळलं. आई आहे, पोराचा मित्र गाडीवर गेला, दुसरी अट कुठली असणार? घेवरलाही तसंच वाटलं. तरी त्याने गाडी सोडली नाही. रस्त्यावरची शर्यत सोडली. ती शपथ त्याने एरंडोलच्या त्या टपरीवरच घेतली होती, कोणाला न सांगता. पण धुळ्याजवळ नवी धावपट्टी झाली होती, जिच्यावर विमान क्वचित उतरायचं आणि शेळ्या रोज बसायच्या. रखवालदाराला हिलालने पटवलं. शेळ्या हाकलायच्या आणि फेऱ्या मारायच्या. घेवरला फेब्रुवारीत पुन्हा शोलावरमला उतरायचं होतं.

"सोडून देऊ का, हिलालभाऊ?" एकदा नट आवळता आवळता त्याने विचारलं. "आई वाळत चाललीय."

"सोड," हिलाल म्हणाला. "पन सोडनारा मानूस इतला कसीसन नट आवळत नही."

पर्युषण आलं. मोहनलालजी आणि जैन संघाचे प्रमुख मांगीलालजी यांनी आपसात ठरवलं, की शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, स्थानकात घेवरने सगळ्यांसमोर शर्यत सोडल्याचा आजन्म नियम घ्यायचा. नियम असा कोणी कोणाच्या गळ्यात घालू शकत नाही. चातुर्मासाला आलेल्या महाराजांनी व्रताचा पाठ म्हणायचा आणि घेणाऱ्याने हात जोडून, सोडलं असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. ते म्हटलं नाही तर काहीच घडलेलं नसतं.

"एकदा समोर ये," मोहनलालजी मुलाला म्हणाले. हे सांगताना ते मुलाकडे पाहत नव्हते. "तुझी आई आहे ती."

संवत्सरीचा दिवस म्हणजे क्षमा मागायचा. घेवरने सकाळी सगळ्या पेठेत हात जोडले होते. खमतखामणा, वर्षभरात काही दुखावलं असेल तर माफी. हमालाला, दलालाला, ज्याच्याशी कधी बोलणंही झालं नव्हतं त्यालाही. दुपारी तो स्थानकात पुरुषांच्या बाजूला, एक पाय लांब करून बसला. पलीकडे बायकांत धापूबाई भिंतीला टेकून होत्या.

व्याख्यान संपलं. मांगीलालजी उठले. "महाराजसाहेब, या मुलाला नियम द्यायचाय. मोटरसायकलच्या शर्यतीचा. आजन्म."

म्हाताऱ्या महाराजांनी मुखपट्टीआडून विचारलं, "शर्यत तुम्ही लावता?"

"मी? नाही, महाराज."

"मग तुम्ही कशाला उभे?"

लोक हसले. मांगीलालजी खाली बसले नाहीत. "हिंसा आहे हो ती! त्या वेगात तोंडावर, चष्म्यावर किती जीव आपटून मरतात! काय रे घेवर, खोटं आहे?"

"खरं आहे, काका," घेवर म्हणाला. "गॉगल पुसतो तेव्हा दिसतात मला. तुमच्या जिनिंगच्या गिरणीत कपाशीबरोबर बोंडअळ्या जातात, त्या तुम्हाला दिसतात का?"

"घेवर!" मोहनलालजी ओरडले.

"नाही बापूजी, विचारलं म्हणून सांगतो. वाईट वाटतं ते माणूस सोडतो. मला ते वाईट वाटत नाही. आयुष्यात तेवढीच एक गोष्ट मी कोणाला न फसवता केली. तुम्ही म्हणता म्हणून सोडलं असं तोंडाने म्हणेन, आणि मनात रोज पट्टीवर जाईन. मग ते पाप कोणाच्या खाती?" बोलता बोलता त्याची नजर पलीकडे गेली. भिंतीला टेकलेला तो हात, कोपराशी अडकलेल्या बांगड्या. त्याचा आवाज खाली आला. "पण तिने जेवावं."

हे बोलून त्याने हात जोडले. महाराजांनी पाठासाठी डोळे मिटले.

"ह्यांना कोणी सांगितलं, माझा अभिग्रह गाडीचा आहे?"

आवाज बायकांतून आला. धापूबाई पदर न सरकवता, भिंतीचा आधार न सोडता बोलत होत्या. आजवर पुरुषांच्या सभेत त्या एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

"मग कशाचा आहे?" मांगीलालजींच्या तोंडून निघून गेलं.

"तो सांगायचा नसतो, एवढं संघाच्या प्रमुखाला माहीत असावं." कोणीतरी हसू दाबलं. "गाडीवर बसायला माझा मुलगा कधी भ्यायला नाही. ज्याला तो भीत नाही, ते सोडवायला मी कशाला उपाशी राहू?"

मोहनलालजी बायकोच्या दिशेने पाहतच राहिले. एवढे महिने ती ज्या अटीसाठी वाळत होती असं ते समजत होते, ती अट कधी नव्हतीच.

घेवरचे हात जोडलेलेच होते. सकाळी ज्यांच्यापुढे ते जोडले त्या साऱ्या पेठेची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून सरकली. त्यांतलं एकही त्याने दुखावलेलं नव्हतं. ज्याला भ्यायचं ते गाव भुसावळच्या पलीकडे होतं, केळीच्या बागांत. सावद्याच्या ओट्यावर एक बाई बसलेली होती, आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती.

त्याने आईकडे पाहिलं. पदराआडून काहीच कळत नव्हतं. पण बांगड्यांचा हात भिंतीवरून सुटून मांडीवर आला होता.

त्याने जोडलेले हात सोडले आणि लांब केलेला पाय ओढून घेत उठला.

"अरे, नियम?" मांगीलालजी म्हणाले. "घेवर, निदान महाराजांना काही सांगून तरी जा! मोहनलालजी, थांबवा त्याला!"

मोहनलालजींनी थांबवलं नाही. महाराजांनी डोळे उघडले आणि पाठ न म्हणता पुन्हा मिटले. लोकांनी गुडघे आवरून वाट दिली. घेवर लंगडत त्यांच्यामधून गेला. उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या, सदऱ्याच्या खिशातून गॉगल काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि सावद्याला जायला बाहेर पडला.