डब्याच्या फडक्यावरचं अंडं

तुमच्या आईचं संशोधन नेमकं काय होतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नीट सांगते.

कपाशीवर कीड पडून गावंच्या गावं हवालदिल झाली होती, ती वर्षं. तुमची आई अमरावतीला विद्यापीठात होती. कपाशीच्या पानावर बारीक लव असते; त्या लवेत किडीच्या लाळेतलं कोणतं प्रथिन कुठे राहतं, हे तिला शोधायचं होतं. एक यंत्र ठिपक्याठिपक्याने लेसर मारी, उडालेल्या कणांचं वजन करी आणि त्यावरून रंगीत नकाशा काढी. पृष्ठभाग खडबडीत असला की वजनं जराशी सरकत. सरकलेली वजनं संख्याशास्त्राने ताळ्यावर आणायची, ही तिची पद्धत.

पानांआधी सरावाला तिला खरखरीत कापड हवं होतं. ती अकोल्याला घरी आली तेव्हा मी तुमच्या आजोबांच्या डब्याचं मांजरपाटाचं फडकं दिलं. ते शेतीखात्यात, डबा घेऊन स्कूटरने गावोगाव फिरायचे. फडकं मी रोज पाण्यात उकळून काढायची. स्वच्छ आहे, लिहून देते, म्हटलं आणि तिच्या वहीत खरोखरच तसं लिहून सही केली.

तिने त्याच्या एका कोपऱ्यात दूध लावलं, दुसऱ्यात डाळीचं पाणी. नकाशा आला त्यात दूध होतं, डाळ होती आणि मधोमध कोंबडीचं अंडं. आमच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पद्धतच चुकते आहे, विणीच्या उंचसखलपणामुळे नसलेलं प्रथिन दिसतंय. महिनाअखेर उलगडा झाला नाही तर विषय बदला. तिने गणित तीनदा सुधारलं. दर वेळी अंडं अधिकच ठसठशीत झालं.

रविवारी ती घरी आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. जेवताना नकाशा ताटाशेजारी. आजोबा वरणाकडे बघत होते.

"योगायोग असन तो," ते म्हणाले.

"योगायोग किती असू शकतो तेच तर मोजलं, बाबा. त्यात नाही बसत. माझी पद्धतच खोटी आहे."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "खोटी नाई. मूर्तिजापूरले आम्लेट खाल्लं मी. हात त्या फडक्यालेच पुसले."

मी म्हटलं, पण मी ते रोज उकळत होते. तुमची आई हसायला लागली ती थांबेचना. उकळल्यामुळेच तर अंडं विणीत शिजून पक्कं बसलं होतं. थंड पाण्यात धुतलं असतं तर बरंचसं निघून गेलं असतं. अंड्याचं कापड कसं धुवायचं हे मला कोण शिकवणार होतं?

बाईंसाठी आजोबांनी वहीत माझ्या सहीखाली आपला कबुलीजबाब लिहिला. मग तिने नव्या फडक्यावर मुद्दाम अंडं लावून, उकळून पाहिलं. नकाशा जुळला आणि विषय वाचला.

आम्लेटं किती झाली, हे मी विचारलंच. तुमची आई म्हणाली, नकाशा कुठे ते सांगतो, किती वेळा ते नाही. तोवर संख्याशास्त्राला बिनकामाचं म्हणणारे तुमचे आजोबा चटकन म्हणाले, "विषय चांगला हाय तुहा."