नवरीबाई, मान खाली!

"नवरीबाई, मान खाली!" एका डोळ्यानं कॅमेऱ्यात बघत अण्णा डावा हात हळूहळू खाली आणायचे, आणि मंडपातली नवरी मान खाली घालायची. लग्नाचं शूटिंग घेणारे असे एकेक नमुने तुम्हीही पाहिले असतील. मी नवऱ्या सजवणारी. बेळगाव-निपाणीकडच्या कितीतरी लग्नांत माझी नि अण्णांची गाठ पडे. तासभर खपून मी काजळ रेखावं आणि ह्यांनी ते डोळेच झाकून टाकावेत, माझा नुसता जीव जळायचा.

"अहो अण्णा, डोळे दिसू द्या की तिचे!"

"पिच्चरात बघत न्हाईस व्हय आक्का? नवरी लाजली की पब्लिक गप्प हुतंय."

त्यांचे पिच्चर जुने. नव्या पिच्चरमधल्या नवऱ्या गॉगल लावून नाचत मंडपात येऊ लागल्या, तशा आमच्याकडच्या मुलीही. निपाणीत एक नवरी मोटरसायकल चालवत आली, नवरदेव मागं बसलेला. "ही नवरी हाय का हिरो?" असं पुटपुटत अण्णा गाडीपुढं उलटे पळत शूटिंग घेत होते. जेवणाच्या पंगतीत मला तेच पुन्हा पुन्हा दाखवलं. "लई भारी आलंय न्हवं?" अशा माणसावर रागवायचं तरी किती? मला ते फार आवडायचे.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं. ती उद्यमबागेत कारखान्यात नोकरीला होती. शूटिंग दुसऱ्या कुणाकडे द्यायला अण्णा तयार नव्हते. त्यांच्या वडगावातल्या घरी मी तिचे केस बांधत असताना ती अण्णांना म्हणाली, "आप्पा, आज मी मान खाली घालणार न्हाय. तुम्ही कुठं हायसा ते मला दिसाय पायजे."

"पिच्चर बघून बिघडलीयास," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

कन्यादान आटोपून त्यांनी धोतरावरच कॅमेरा खांद्याला लावला. पाठवणीला सगळ्या बायका रडत होत्या. मुलगी मात्र टक लावून कॅमेऱ्याकडे, म्हणजे बापाकडे, बघत राहिली. अण्णांना ते सोसलं नाही. बंद न करताच त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

अण्णा गेल्या साली गेले. परवा मुलगी माहेरी आली, तेव्हा तिनं मला मोबाइलवर तेवढा तुकडा दाखवला. त्यात नवरी नाही, बाप नाही. नुसती जमीन, सांडलेल्या अक्षता आणि बायकांची पावलं. आणि अण्णांचा आवाज:

"सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाय गं?"