कलम तेवीस आणि विहिरीची वाट

त्या करारातलं तेविसावं कलम मला आता तोंडपाठ आहे. ज्या दिवशी ते वाचायला हवं होतं त्या दिवशी मी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणून राग काढायचा तर पहिला माझ्यावर, मग कंपनीवर. कंपनीच्या वाट्याला पुष्कळ उरतो.

मी शाळेत लिपिक आहे. भूम तालुक्यातल्या ईट गावापासून जवळच आमची वस्ती. नवरा एसटीत वाहक, निम्मा महिना ड्युटीवर, त्यामुळं घरातला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो. भावकीतलेही नोटिसा, फेरफार, बँकेची पत्रं घेऊन माझ्याकडंच येतात. मी वाचून अर्थ सांगते. या गोष्टीचा मला गर्व होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पवनचक्की लावणारी कंपनी आमच्या माळावर आली तेव्हाही कागद मीच वाचला. जमीन सासूबाईंच्या नावावर. कंपनीला माळाची एक पट्टी भाड्यानं हवी होती आणि तिथवर जायला रस्ता. रस्ता आमच्या जुन्या गाडीवाटेवरूनच जाणार होता. ती वाट खाली सामाईक विहिरीवर उतरते आणि विहिरीच्या पलीकडं धाकट्या जावेच्या नावावरचा तुकडा आहे. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, वाट तुमचीच राहील, उलट खडी टाकून रुंद करून देतो.

करार चाळीस पानांचा, इंग्रजीत. वर एक पान मराठी सारांश. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या, चहा फिरत होता. मी उभी राहून ते एक पान वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, ‘काही वाद उद्भवल्यास तो तक्रार निवारण पद्धतीनुसार सामोपचाराने मिटवला जाईल.’ मला ती ओळ आवडली. कोर्टकचेरी नको, बसून मिटवायचं, आणखी काय पाहिजे.

कंपनीला जावेच्या तुकड्याचाही कोपरा हवा होता. ती मागच्या बाजूला बसली होती. ते एक पान आणि ती चाळीस पानं तिनं दोन हातांत धरून तोलली आणि म्हणाली, “बाई, चाळीस पानांचं एका पानात कसं काय मावलं?”

लोक हसले. मी भर सभेत म्हणाले, “चौथी शिकलेल्यानं कराराच्या भानगडीत पडू नये.”

मग लोक अजून हसले. ती उठून गेली, सही न करता. सासूबाईंनी प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली आपली सही, एकेक अक्षर कोरत, चाळीसच्या चाळीस पानांवर केली. मी पानं उलटून देत होते. जाऊ आणि मी त्यानंतर दोन वर्षं कामापुरतंच बोललो.

दोन वर्षं सगळं बरं चाललं. चक्की उभी राहिली, फिरू लागली. मग एका सकाळी वाटेच्या तोंडाशी लोखंडी गेट दिसलं. त्याला कुलूप आणि बाजूला पत्र्याच्या खोलीत वॉचमन. तारेची चोरी होते म्हणे, म्हणून रस्ता बंद. सासूबाई म्हैस घेऊन विहिरीकडं निघाल्या होत्या. वॉचमननं त्यांना परत पाठवलं. आता विहिरीवर जायचं तर ओढ्याच्या अंगानं, दगडगोट्यातून फिरून जायचं. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलीय. गुडघे दोन्ही गेलेले. पण विहिरीवर त्या रोज जातात, कारण म्हैस त्यांची, तिथला भाजीचा वाफा त्यांचा आणि घरात बसून राहणं त्यांना जमत नाही.

त्याच दिवशी दुपारी चुलत सासरे वारले.

सुपरवायझर मातीला आला. हे मी मुद्दाम सांगते. तो पांढरा शर्ट घालून आला, पाटीभर माती लोटली, हात जोडून सासूबाईंपुढं उभा राहिला. मी तिथंच त्याला गेटचं सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, मॅडम, आता दुःखाची वेळ आहे, आवरून घ्या, मग बघू, होऊन जाईल. मला तो समजूतदार वाटला.

आमच्यात सुतक पाळतात. दहावा, तेरावा होईपर्यंत नवीन कामाला हात नाही आणि नव्या कागदावर सही तर नाहीच. सासूबाई त्या बाबतीत कडक. मी चौथ्या दिवशी तक्रारअर्ज लिहून तयार ठेवला होता, पण त्यांनी पेनाकडं पाहिलंसुद्धा नाही. सुतकात सही केली की ते काम विटाळतं, एवढंच म्हणाल्या. मीही ताणून धरलं नाही. माणूस मातीला आला होता, त्याला माहीत होतं, घाई कसली.

तेराव्याचं गोडजेवण झालं आणि चौदाव्या दिवशी सही घेऊन मी गेटवर गेले. तक्रारपेटी साइट ऑफिसच्या भिंतीवर होती, लाल रंगाची, गेटच्या गजांतून दिसत होती. वॉचमन म्हणाला, आत जायला पास लागतो. पास कोण देतं? साइट ऑफिस. साइट ऑफिस कुठं आहे? आत. तो स्वतःच हसला. बीड जिल्ह्यातला पोरगेला माणूस, त्याचा काय दोष. अर्ज ठेवून घे म्हटलं, तर कुठलाही कागद घ्यायची मनाई. पंधरावा दिवस रविवार. सोमवारी मी शाळेच्या कॉम्प्युटरवरून ईमेल केला.

दोन दिवसांत उत्तर आलं. इंग्रजी मला ऑफिसापुरतं येतं, एवढं कळायला पुरेसं होतं. कलम तेवीसप्रमाणं तक्रार घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत लेखी यायला हवी. आपली तक्रार सोळाव्या दिवशी मिळाली. सबब तिचा विचार करता येत नाही. खाली सही त्या सुपरवायझरची. साइटवरचा तक्रार निवारण अधिकारीही तोच होता. गेट लावणारा तो, गेटची तक्रार ऐकणारा तो आणि मातीला येऊन दिवस मोजत उभा राहिलेलाही तोच.

मी त्याला फोन केला. आवाज चढवला नाही. विचारलं, तुम्ही स्वतः म्हणालात ना, आवरून घ्या मग बघू?

“मॅडम, ते मी माणूस म्हणून बोललो,” तो म्हणाला. “हे ऑफिसचं आहे.”

मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत शाळेत मी पुष्कळांना नियम दाखवून परत पाठवलं असेल, पण ज्याच्या घरी मयत झाली त्याच्या सुतकाचे दिवस मोजून मुदत संपवली, असं कधी केलं नाही.

त्या आठवड्यात मी चाळीस पानं वाचली. डिक्शनरी घेऊन, रोज संध्याकाळी चूल आवरल्यावर. तेविसाव्या कलमात तीन पायऱ्या होत्या. पहिली साइटवर. ती फसली तर दुसरी, पुण्याच्या ऑफिसात तीस दिवसांचा सलोखा. तोही फसला तर तिसरी, लवाद. लवाद एकच, कंपनीनं नेमलेला. बसणार दिल्लीत. कामकाज इंग्रजीत. आणि त्याचा निर्णय दोन्ही बाजूंवर बंधनकारक. सगळ्याचं मराठी त्यांनी एका शब्दात केलं होतं, सामोपचार.

आमच्या गावात भांडणं मिटवायला पाच माणसं बसतात. ती शहाणीच असतात असं नाही. पण त्यात दोन इकडची असतात, दोन तिकडची, आणि पाचवा दोघांच्या तोंडओळखीचा. बसतात ती बांधावर, जिथं भांडण आहे तिथंच. एका बाजूनं पाचही माणसं आणायची आणि बांध सोडून दिल्लीला बसायचं, याला गावात कोणी न्याय म्हटलं तर त्याला येडं म्हणतील. इंग्रजीत लिहिलं की चालतं.

पुण्याला मी पत्र पाठवलं. तीस दिवसांनी उत्तर आलं, की पहिल्या पायरीवर तक्रार मुदतबाह्य ठरल्यामुळं दुसरी पायरी लागू होत नाही, तरीही आपणांस लवादाकडं जाण्याची मुभा आहे. मुभा हा शब्द त्यांनी मराठीत लिहिला होता.

भूमला एका वकीलबाईंकडं गेले. माझ्याच वयाच्या, बोलणं तुटक. त्यांनी करार चाळला आणि म्हणाल्या, एकट्या कंपनीनं नेमलेला लवाद आता कोर्टात टिकत नाही. मला हायसं वाटलं. मग म्हणाल्या, पण टिकत नाही हे सांगायलाही आधी कोर्टात जावं लागतं, आणि गेट तोवर बंदच राहील. शेताची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. पण तुमच्या सासूबाईंनी अर्ज केला की कंपनी हे कलम पुढं करणार, वाद लवादाकडं न्या म्हणणार आणि महिने जाणार.

“त्या वाटेनं जाणारं दुसरं कोणी आहे का?” त्यांनी विचारलं. “ज्याची या करारावर सही नाही असं?”

मी करार पिशवीत भरू लागले. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारला.

गेट लागून तोवर चार महिने होत आले होते. बसमध्ये परत येताना मी वेगळा काही मार्ग शोधत होते. सापडला नाही. घरी न थांबता तशीच जावेकडं गेले. ती ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, कलम, सोळावा दिवस, वकीलबाई, सगळं. ती सूप हलवत राहिली.

“म्हंजे माजी सही न्हाय म्हणून मी कामाची,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आन चौथी शिकलेली?”

मी म्हणाले, “ते मी चुकले. चारचौघात बोलले, तर चारचौघात परत घेते.”

“नगं. चारचौघं इसरून गेले. मीच इसरले न्हाय.” तिनं सूप खाली ठेवलं. “मीबी रोज ओढ्यातूनच जाते, बाई. तुमच्या करारात मी मधी तोंड घातलं असतं तर तुम्ही काय म्हणला असता, ते मला ठावं हाय. अर्ज कुठं करायचा ते सांगा. आन वाचून दाखवा. सगळा.”

मी अर्ज लिहिला आणि तिला शब्द न् शब्द वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. एका ठिकाणी मी ‘पूर्वापार’ लिहिलं होतं. ती म्हणाली, कवापासून ते लिहा, माझ्या लग्नाची वरात त्या वाटेनं आली ते लिहा. तिचं बरोबर होतं. तेच वाक्य पुढं साक्षीदारांनीही सांगितलं.

तहसीलदार स्थळपाहणीला आले तेव्हा सुपरवायझर फाईल घेऊन हजर होता. त्यानं करार पुढं केला आणि म्हणाला की हा वाद कराराप्रमाणं लवादाकडं जायला हवा. तहसीलदारांनी पानं उलटली. चाळीस पानांवर कोरलेली अक्षरं, सगळी सासूबाईंची.

“अर्जदार बाईंची सही कुठंय यात?” त्यांनी विचारलं.

सुपरवायझर पानं चाळत राहिला. जाऊ माझ्या शेजारी उभी होती, पदर खोचून. ती हसली नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही.

आदेश निघाला. अर्जदार, तिचे कुटुंबीय, मजूर आणि जनावरं यांच्यासाठी वाट मोकळी ठेवावी. कंपनीनं आदेश पाळला, आपल्या पद्धतीनं. गेट तसंच ठेवलं, कुलूप काढलं आणि वॉचमनच्या खोलीत एक वही ठेवली. नाव, वेळ, कशासाठी, सही. जावेचं वेगळं राहणं, वेगळा शिधा, म्हणून आम्ही तिच्या कुटुंबात नाही, असं सुपरवायझरनं ठरवलं. सासूबाईंचं आणि माझं काय करायचं, हे विचारायची सोय तेविसाव्या कलमात आहेच, दिल्लीला.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी गेलो. जाऊ पुढं, मग म्हैस, मग सासूबाई आणि मी. वॉचमननं खोलीतून आदेशाची झेरॉक्स आणली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि अवघडून म्हणाला की तुमची दोघींची नावं यात नाहीत.

“माझ्या शेतावरच्या बाया हायेत,” जाऊ म्हणाली. “लिही मजूर.”

त्यानं लिहिलं. ज्या जमिनीवर ते गेट रोवलंय ती जमीन सासूबाईंची, आणि वहीत त्यांच्या नावापुढं मजूर. माझ्याही. मी सही केली, कारण भांडायला उभं राहण्याइतका वेळ शाळेनं दिला नव्हता. मग वही सासूबाईंकडं सरकवली. त्यांनी पेन हातात घेतलं, अक्षरं कोरायला वाकल्या आणि थांबल्या.

“ह्या रकान्यात काय लिवलंय गं?”

आदल्या वेळी मी एक पान वाचलं होतं आणि चाळीस झाकली होती. या वेळी तसं केलं नाही. “मजूर लिहिलंय, आत्या. धाकटीच्या शेतावर मजूर.”

त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. “न्हाय करत मग सही,” म्हणाल्या, आणि म्हशीच्या पाठीवर हात टाकून वाटेला लागल्या.

वॉचमन माझ्याकडं बघत राहिला, मग जावेकडं. जाऊ गेटच्या मधोमध उभी होती. ती बाजूला झाली नाही, त्यामुळं त्याला गेट ओढता येईना. सासूबाई उताराला लागून विहिरीपाशी पोचेपर्यंत ती तशीच उभी होती. मी वही मिटली आणि त्याच्या हातात दिली.