दुसरं मडकं

माझ्या हातची पोपटी म्हशींनी खाल्ली. चवीनं खाल्ली, हे कबूल करायला हवं.

मी ओढ्यावर त्याच म्हशींपुढं उभा राहून भाषण घोकत होतो. इंग्रजीचा मास्तर मी, खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात. दर जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की शाळेतले सगळे मास्तर माळावर पोपटी लावायचे. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, शेंगा, बटाटे, मीठ, ओवा भरायचा, तोंड पाल्यानं गच्च दाबून मडकं पालथं घालायचं नि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. मग सगळं केळीच्या पानांवर ओतायचं. एकच ढीग. भोवती बसून सगळ्यांनी त्यातच हात घालायचा. खाताखाता एकानं दहा मिनिटं बोलायचं. त्या साली पाळी माझी. विषय मीच निवडलेला: 'कॉमन' हा साधा इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ किती आणि तो आला कुठून.

तर मी म्हशींना सांगत होतो, की हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचांकडं आणि तिथून इंग्रजांकडं गेला. मुळात अर्थ असा, की एक जबाबदारी मिळून उचलणारे ते सगळे. तेवढ्यात आमचा शिपाई गोमा मडकं घेऊन आला. माझं मडकं. काठाला टवका होता, त्यावरून ओळखलं. त्यानं ते म्हशींपुढं पालथं केलं. वाफ निघाली. म्हशी शहाण्या, निवायची वाट बघत थांबल्या.

"अरे, काय करतोस?"

"दर साली हितंच ओततो, गुरुजी. हेडसर सांगतात." मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाला, "तुमाला ठाव नाय?"

नव्हतं ठाव. तीन वर्षं नव्हतं. आणि मी बी.ए., बी.एड.

मडकी दोन लागायची. पहिलं बाकीचे मिळून भरत, दुसरं मी एकट्यानं. पहिल्याच साली हेडसर म्हणाले होते, "तुमच्या हाताची चव वेगळी आहे हो. ती वेगळीच राहू दे." कर्जतचं जुनं, शिकलेलं घराणं त्यांचं. बोलणं मऊ. मी बौद्धवाडीतून आलेला. फुगलो. पहिल्या मडक्यातलं मला पळसाच्या पानावर वेगळं वाढून देत, तोही मला मान वाटायचा. माझं मडकं उघडायची वेळ झाली की मला शाळेच्या पोरांना एस.टी.त बसवायला पाठवत. परत यावं तर मडकं रिकामं. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, "सगळ्यांत आधी आपलंच संपलं." शेंगा तिनं लावलेल्या. भिवपुरीच्या पावरहाउसमागं आमचं शेत, तिथून डोक्यावर पाटी घेऊन ती मला स्टेशनपर्यंत सोडायची. दर साली पाटी आदल्या सालापेक्षा मोठी.

त्या साली एस.टी. लवकर आली नि मी परतताना ओढ्यावर थांबलो, एवढंच झालं.

मग मी काय केलं? मडकं फोडलं? जाब विचारला? माळावर परत गेलो आणि भाषण केलं. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. सही हेडसरांची.

सगळे ढिगाभोवती बसलेले, बोटं काळी झालेली. मी उभा. म्हणालो, कॉमन म्हणजे सामायिक. कॉमन म्हणजे सार्वजनिक, रस्ता असेल, विहीर असेल. इंग्रजांच्या खेड्यात गुरं चारायची मोकळी जमीन असते ती कॉमन, आपल्याकडचं गायरान. कॉमन म्हणजे रोजचं, साधं. आणखी एक अर्थ कागदावर होता. हलक्या कुळातला. खालचा. तो मी गिळला. का? तर समोरच्यांना वाईट वाटू नये म्हणून. असा सभ्य गाढव तालुक्यात दुसरा नसेल.

टाळ्या पडल्या. हेडसर म्हणाले, अभ्यास चांगला आहे.

घरी बायकोनं विचारलं, "संपली?" मी संपली म्हणालो. तिचा चेहरा उजळला. तो मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"तीन साल?"

पुन्हा निवडायला लागली. खडे टाकते तसे चांगले दाणेही बाहेर टाकत होती.

पुढल्या जानेवारीत कामांची यादी फिरली. माझ्या नावापुढं लिहिलेलं: दुसरं मडकं. यादी घेऊन मी हेडसरांच्या टेबलापुढं उभा राहिलो. आवाज कापत होता. कापू दिला.

"सर, मडकं एकच लावू. मी भरतो. ओतल्यावर माझा हात त्याच ढिगात."

त्यांनी यादी खणात टाकली. बघू, म्हणाले.

पोपटी झाली नाही. त्या साली नाही, पुढंही नाही. ह्याच्यापायी गेली, असं मास्तर मंडळी अजून म्हणतात. माझ्या तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. माझ्याशेजारची खुर्ची रिकामीच असते. हेडसर तर अजून तितकंच मऊ बोलतात.

असू दे. नववीला 'कॉमन' शिकवताना तो गिळलेला अर्थ मी फळ्यावर सगळ्यांत आधी लिहितो. मोठ्या अक्षरात. तास संपेपर्यंत पुसू देत नाही. आणि दुसरं मडकं या हातांनी पुन्हा भरणार नाही. नोकरी गेली तरी.