रिकामी गव्हाण

पोस्टर चिकटवणाऱ्याच्या बादलीतून मैद्याच्या खळीचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या चर्चच्या व्हरांड्यात पोचले. नाताळ जवळ आला की सॅम्युएलकाका आम्हा पोरांकडून सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाला खळ लावून बेथलेहेमचा डोंगर करून घेत. आमचे हात चालत, त्यांची गोष्ट चाले.

डोंगराखालच्या गोठ्यातल्या गव्हाणीत गवत अंथरून मी विचारलं, "काका, बाळ काहून नाही ठेवलं?"

"तो आला नाही ना वं अजून. तोवर जागा रिकामी ठेवा लागते."

काका गेले, पोरं पुण्याकडं पांगली. आता चर्चमध्ये फायबरचा तयार गोठा येतो, बाळ गव्हाणीला आधीच चिकटवलेलं.

रिकामी जागा तेवढी माझ्या आत राहिली. तिथं कोणी येईल, असं आता वाटत नाही.