मशीनमधल्या आवाजाला पदर

आमच्या घरात मोठ्या गडीमाणसाचा आवाज कानावर आला की बाईचा हात डोक्याकडे जातो. मी टेंभुर्णीला लग्न होऊन आले आणि माझाही जायला लागला. ओसरीवर सासरे खाकरले की हाताला पीठ असो की शेण, पदर डोक्यावर. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नाही.

खोकला मला धाकट्या मुलीच्या वेळी टीबी झाला तेव्हापासूनचा. गोळ्यांनी टीबी बरा झाला, खोकला राहिला. सकाळी उठलं की कफच कफ. पाण्याची घागर आणताना मध्येच टेकावं लागायचं. एकदा कफात रक्त दिसलं, तेव्हा मालकांनी मला जालन्याला दाखवलं आणि तिथून औरंगाबादला नेलं. सासूबाईही सोबत आल्या.

तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग खराब झालाय. त्यात हवा जातच नसेल तर ऑपरेशन करून काढावा लागेल. जात असेल तर ठेवू, औषधावर भागवू." हवा जाते का नाही ते एमआरआयमध्ये बघायचं होतं. छातीसाठी हे मशीन सहसा वापरत नाहीत, पण श्वास घेताना आणि सोडताना एकामागून एक फोटो काढले की कोणता भाग भरतो ते कळतं, असं त्यांनी समजावलं.

मला ऑपरेशन नको होतं.

मशीनच्या खोलीत लोखंड, चांदी काही चालत नव्हतं. जोडवी निघेनात. सासूबाईंनी बोटाला साबण लावून ती ओढून काढली. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाल्या, "अगं, मालक बाहेर बाकड्यावर धडधाकट बसलाय. त्याला काय होतंय!"

मला दवाखान्याचा झगा घातला, छातीवर एक पाटी बांधली, कानावर जाड डबे लावले आणि नळीत सरकवलं. मळणी यंत्रासारखा खडखडाट सुरू झाला. मग कानात आवाज आला, "श्वास घ्या. रोखून धरा."

आवाज गड्याचा, भारदस्त, थेट सासऱ्यांसारखा! माझा हात निघाला डोक्याकडे.

"ताई, हात हलवू नका. फोटो हलतोय."

त्या बोलण्यानं हात पुन्हा निघाला. नळीत जागा नव्हती, तरी हात वर सरकायचाच. त्यानं बोलायचं आणि मी हलायचं, असंच चालू राहिलं. शेवटी त्यानं मला बाहेर काढलं. मशीन चालवणारा तो तर चष्मा लावलेला सडपातळ तरुण होता.

"ताई, कुठं दुखतंय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. परक्या माणसाला पदराचं काय सांगणार?

तो दार उघडून बाकड्यावरच्या मालकांना म्हणाला, "या घाबरल्यात. असेच फोटो आले तर डॉक्टरांना काही कळणार नाही. मग नुसत्या सीटी स्कॅनवरच ऑपरेशनचं ठरवावं लागेल."

माझे डोळे भरून आले. सासूबाई काचेतून सगळं बघत होत्या. त्या खो खो हसायला लागल्या.

"अरे लेकरा, भेली न्हाई ती. तू बोलतूस आन् ती पदर घेती."

"कुठला पदर, आजी? झगा घातलाय त्यांनी."

"तेच तं! घावंना म्हणून शोधून राह्यली. सरक, मी बोलते."

मला पुन्हा आत सरकवलं. या वेळी कानात सासूबाई आल्या. "पड निपचित. मीच हाय, दुसरं कोनी न्हाई. घे श्वास. अजून घे. आता धर!"

मागून त्याचा बारीक आवाज आला, "आजी, आता सोडायला सांगा."

"थांब रे, अजून दम हाय तिच्यात."

"आजी!"

"बरं बाई, सोड."

मला हसू आवरेना. तो फोटो वाया गेला. "हसू नको बरं! माझ्या कामात खोडा घालू नको," असा वर ओरडाही बसला. त्यानंतर मात्र माझा हात जागचा हलला नाही. बाईमाणसाच्या आवाजाला पदर लागत नाही.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर दाखवले. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार? पण त्यांनी बोट ठेवलं तिथं करडी जागा हळूहळू काळी होत होती; हवा काळी दिसते म्हणे. "उशिरा भरतो, कमी भरतो, पण भरतो," ते म्हणाले. "काढायचा नाही."

त्यांनी औषधं दिली आणि रोज कमरेखाली उशा घेऊन, डोकं खाली करून, उजव्या कुशीवर पडायला सांगितलं, म्हणजे कफ सुटतो. सकाळी कामाच्या वेळी सुनेनं पडून राहायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासूबाई दारात बसायच्या आणि कुणी आलं की बाहेरच अडवायच्या, "थांबा जरा. सूनबाईचं फुप्फुस काम करून राह्यलंय."