आनंदाबाईंची नस

आमच्या करडी गावात शरीराच्या आत जे काही दोरीसारखं असतं, त्या सगळ्याला नस म्हणतात. मान आखडली की नस. पोटरीत गोळा आला की नस चढली. हाताला मुंग्या आल्या तरी नसच. एका शब्दात काम भागतं, म्हणून दुसरा कोणी ठेवलाच नाही. शेजारच्या आनंदाबाईंचा घात या शब्दानं केला. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आनंदाबाई रोवणीतल्या पुढारी. पाणी भरलेल्या बांधीत बाया वाकून धानाची रोपं लावत मागे मागे सरकतात, तेव्हा पाठीमागचा चिखल तळपायानंच चाचपावा लागतो. कुठे खोल, कुठे खडा, कुठे कडेचा धुरा, म्हणजे बांध आला, हे त्यांच्या पायाला आधी कळायचं. "मांगं पाहाले कायले पायजे? पाय हायेत ना माहे," असं त्या मिजाशीत म्हणायच्या. बाकीच्या बाया त्यांच्या ओळीनं चालत.

गेल्या वर्षी रोवणीत त्यांच्या पोटरीत गोळा आला. नवऱ्यानं, श्यामरावनं, अंगठा धरून पाय हळूहळू ताणला आणि गोळा विरघळला. नस उतरवली म्हणून गावभर नाव झालं. मग काय विचारता, गडी ज्याच्या त्याच्या पोटऱ्या बघत हिंडायला लागला.

यंदा उन्हाळ्यात पोतं उचलताना आनंदाबाईंच्या कमरेतून कळ निघाली ती थेट घोट्यापर्यंत. "करंट मारून राहिला जी," त्या म्हणाल्या. मांडी मागून दगडासारखी घट्ट. श्यामराव म्हणाला, "नसच आखडली. ताणली का मोकळी होते."

मग रोज तेच. त्यांना उताणं निजवून तो पाय सरळ वर उचलायचा आणि पंजा डोक्याकडे दाबायचा. मांडी जितकी अडवायची तितका तो जोर लावायचा. बाई खाटेचा खूर धरून रडायच्या आणि तोही रडायचा. "सोस थोडं. रोवणीले उभं राहाचं हाय ना तुले?"

मला ऐकवेना. जाऊन म्हटलं, "काहून ओढता जी? भंडाऱ्याले दाखवा ना."

"मागल्या वर्षी डॉक्टरनं उतरवली होती का?" तो म्हणाला. मी घरी परतले.

एका सकाळी दुखणं गेलं. पार गेलं. श्यामरावनं गल्लीत पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

रोवणी लागली. आनंदाबाई बांधीत उतरल्या आणि ओळ वाकडी जायला लागली. डावा पंजा उचलला जात नव्हता, चिखलात फरफटत होता. स्वतःच लावलेली रोपं त्या तुडवत होत्या. मग पाण्यात रक्त दिसलं. तळव्यात काच घुसली होती, आणि रक्त आपलं आहे हे सगळ्यांत शेवटी आनंदाबाईंना कळलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मागच्या वर्षी ताणली ती नस नव्हती, स्नायू होता. तो हळू ताणला की सैल पडतो. या वेळी खरोखर नस दबली होती. तिला असा ताण सोसत नाही. मांडी घट्ट झाली होती ती तिला सांभाळायला. दुखणं बरं झालं नाही, दुखल्याची खबर नेणारी नसच बंद पडली."

"पाय येईन का वापस?" श्यामरावनं विचारलं.

"सांगता येत नाही. आला तरी फार हळू."

नागपूरला ऑपरेशन झालं. दबलेली नस मोकळी केली, पण पाय तसाच आहे. दुखणं जावं म्हणून देवाला हात जोडणारी बाई आता दुखावं म्हणून जोडते. श्यामराव धड जेवत नाही. रोज सकाळी तो पायाशी बसतो, आनंदाबाई डोळे मिटतात, तो अंगठ्याला चिमटा घेतो.

"दुखते का?"

"नाही."

काल मी भाजी द्यायला गेले तेव्हा दोघं तसेच बसलेले. आनंदाबाईंनी डोळे मिटले, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हो जी. दुखलं आज, थोडंसं."

श्यामराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यानं अजून चिमटा घेतलाच नव्हता.